भूमेश्वरीच्या सहा मशिनी

भूमेश्वरी रहांगडालेनं अकरावीत कॉलेज सोडलं, ते भांडून. कॉम्पुटरच्या तासाले सर म्हणे, मशिनी दोनच आहेत, पोट्टे चालवतीन, पोरींनी मागून पाहा. ही उभी राहिली आन म्हणे, "पाहाचंच असन तं माह्या घरी टीव्ही आहे जी." दुसऱ्या दिवसापासून गेलीच नाही. बापानं समजावलं, मायनं धमकावलं, मामा येऊन गेला. पोरगी ढिम्म. लोक तिले उद्धट म्हणतात. म्हणू द्या. ज्या कोणाच्या बाजूनं ती उद्धट झाली त्याले विचारा.

त्याच साली पंपाची मोटार जळली आन बापासंग ती तिरोड्याले गेली, केवलरामच्या दुकानात. केवलराम जळक्या मोटारींत नवीन तार भरून देते. दुकानात इकडं तिकडं तांब्याचे तार, आन कोपऱ्यात एक उघडा कॉम्पुटर, झाकण नाही, आतला पंखा फिरून राहिलेला.

"काकाजी, याचं झाकण कुठं गेलं?"

"ठेवलंच नाही. रोज खोला लागते, मंग झाकण कायले?"

केवलरामच्या त्या डब्ब्यात लिनक्स होतं. कोणाचंही घ्या, वाटा, आतून पाहा, असं सॉफ्टवेअर. केवलराम त्याच्याबद्दल बोलाले लागला का मोटारवाले गिऱ्हाईक वाट पाहून निघून जात. भूमेश्वरी मात्र बसली. मंग दर आठवड्याले बसली. बापाची मोटार कधीची दुरुस्त झाली होती, तरी ही जाऊनच राहिली होती.

केवलरामनंच तिले गोंद्याच्या, म्हणजे गोंदिया शहरातल्या, मंडळीत नेलं. गोंद्याले विक्कीचं सायबर कॅफे, त्याच्या माडीवर दर रविवारी दुपारी लिनक्सवाले जमत. रेल्वेतले एक बाबू, दोन कॉलेजचे पोट्टे, एक फोटोवाला, असे. बिघडलेली मशीन घेऊन या, सगळे मिळून सुधारू, असा कारभार. कायदा एकच होता. ज्याची मशीन, त्याचाच हात. बाकीच्यांनी तोंडानं सांगाचं, कीबोर्डाले बोट लावाचं नाही. पहिल्या रविवारी भूमेश्वरीले वाटलं, हे लोक आळशी आहेत. चौथ्या रविवारी तिले समजलं का आपल्याले येऊन राहिलं.

त्या मंडळीनंच तिले सहा जुन्या मशिनी मिळवून दिल्या. कोण्या हापिसानं भंगारात काढलेल्या. चोरखमाऱ्याच्या तलावाखाली तिचं गाव, तिथं पंचायतीची एक खोली खाली पडली होती. सरपंच सुलोचनाबाईनं ती दिली आन भूमेश्वरीनं पोरींचा वर्ग सुरू केला. शाळा सुटली का पोरी येत. एका मशिनीवर दोघी. मागं उभं राहून पाहाचं नाही, हा तिथला पहिला नियम.

उपसरपंच बकारामले हे काही पचलं नव्हतं. त्या खोलीत आधी खताचे पोते राहत. तो येता जाता दारातून डोकावे.

"काय वो मास्तरीन, तुह्या पेट्यातून धान निंघते का?"

"तुमच्या पोत्यातून तं वासच निंघे जी."

दिवाळी झाली. धान कापणी आटपत आली आन गावाची मंडई तोंडावर आली. आपल्याकडं मंडई म्हणजे गावाचा मोठा दिवस. पाहुणे येतात, लेकीबाळी माहेरी येतात, दुकानं लागतात, रात्री नाटक. बकारामनं पंचायतीत विषय काढलाच. खोली वाया चालली म्हणे, खत उघड्यावर पडलं. सुलोचनाबाई कमी बोलणारी बाई. ती म्हणे, "मंडईच्या दिवशी सकाळी मी येईन. पोरी काय शिकल्या ते डोळ्यानं पाहीन. दिसलं तं खोली पोरींची. नाही दिसलं तं बकारामभाऊचे पोते."

झालं. आता त्या एका सकाळीवर सगळं आलं.

भूमेश्वरीनं ठरवलं का मंडईच्या नाटकाचं पत्रक पोरीच टाईप करतीन, पोरीच छापतीन. पण जुन्या मशिनीत मराठी अक्षरं कागदावर विस्कटून निंघत. तिनं विक्कीले फोन केला. विक्की म्हणे, "नया पॅकेज है उसका, पेनड्राइव्ह में भेजता हूँ."

आता हा पेनड्राइव्ह समजून घ्या. गावात इंटरनेट नव्हतंच. म्हणून विक्की गोंद्याले सगळं उतरवून एका फोल्डरात भरे आन पेनड्राइव्ह एस.टी.नं केवलरामकडं पाठवे. केवलराम आपल्या मशिनीत टाकून मंग भूमेश्वरीकडं धाडे. तिच्या सहाही मशिनींले सांगून ठेवलं होतं, जे लागन ते याच फोल्डरातून घ्या. आन त्यात एकाच वस्तूचे दोन नग असले तं नवीन असन तो घ्या.

पण आपले लोक कसे आहेत? शेजारणीचा डब्बा कोणी खाली परत करते का? लाखोळीची डाळ घाला, चार वांगे ठेवा, काहीच नसन तं मूठभर पोहे. खाली भांडं देणं म्हणजे अपमान. पेनड्राइव्हचंही तसंच झालं. केवलराम त्यात काही ना काही घालूनच पुढं पाठवे. कधी ग्रहताऱ्यांचे फोटो, कधी एखादा गेम. भूमेश्वरी परत पाठवतानी पोरींनी काढलेली चित्रं घाले, आजीबाईंच्या आवाजातली गाणी घाले. विक्की हसे, "ये पेनड्राइव्ह है कि टिफिन?" पण त्याले आवडे.

त्या वेळी पेनड्राइव्ह आला. भूमेश्वरीनं सहाही मशिनी एका ओळीनं अपडेटले लावल्या. लय वेळ चाललं ते. पोरी आनंदात. मंग मशिनी बंद करून चालू केल्या.

सहाही काळ्या.

काळा पडदा आन वरच्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ, लुकलुक लुकलुक. खिडक्या नाही, चित्रं नाही, माऊस मेलेला. आचल नावाची पोरगी आहे, सातवीतली, तोंडाची फटाकडी. ती म्हणे, "ताई, लाईट तं आहे." कोणीच हसलं नाही.

दारात बकाराम होताच. "झोपल्या का वो सगळ्या? झोपू दे, झोपू दे. मंडईले जागरन आहे."

भूमेश्वरीनं काही उत्तर देल्लं नाही. तिनं उत्तर नाही देल्लं म्हणजे मामला गंभीर, हे पोरींलेही समजलं.

खोलीत मोबाईलचा टॉवर फक्त खिडकीच्या गजापाशी भेटे. तिथं उभी राहून तिनं विक्कीले फोन लावला आन जी सुरू झाली ती थांबेच ना. "तू काय कचरा भरून पाठवला बे? सहाच्या सहा मारल्या! तुले मालूम होतं मंडई आहे. टाईमपास वाटते का तुले?"

विक्कीनं ऐकून घेतलं. मंग म्हणे, "हो गया? अब मशीन को पूछ. मुझे मत पूछ." त्यानं एक कमांड सांगितली. काळ्या पडद्यावर नाव, पासवर्ड टाकून आत जाता येत होतं, तेवढा जीव होता मशिनींत. तिनं टाईप केलं, पडद्यावर आलेला व्हर्जनचा आकडा वाचून दाखवला. विक्कीनं तो पुन्हा वाचाले लावला.

"भूमी, ये तो मेरा है ही नहीं. मैंने जो भरा वो पुराने का है, जो तेरी मशीन में है. ये अगले व्हर्जन का माल है. आधा नया, आधा पुराना. इसीलिए बैठ गया."

"मंग कोणाचं आहे?"

 नाव सांगाची गरज नव्हती. विक्की आन भूमेश्वरीच्या मधात एकच माणूस होता.

तिनं फोन कापला. तिले विक्कीचा राग आला, सांगितल्याचा नाही, खरं सांगितल्याचा. केवलराम काका असं करणंच शक्य नाही, असं तिनं मनाशी म्हणलं. मंग पुन्हा म्हणलं. मंग सायकल एस.टी. थांब्यावर लावली आन तिरोड्याची बस धरली.

केवलराम एका मोठ्या मोटारीत तार भरत बसला होता. तिले पाहून असा खूश झाला का हातातला तार खाली ठेवला. "ये पोरी, ये! चा सांगतो. कसं वाटलं?"

"काय कसं वाटलं?"

"अवो, नवीन टाकलं ना मी! मासिकासंग सीडी आली, ताजी. म्हणलं, विक्की तुले जुनंच जुनं पाठवते, माह्या पोरीले नवीन भेटलं पाहिजे. साधं वेगळं नाही ठेवलं हो. विक्कीच्याच फोल्डरात नीट मिसळून देल्लं, यादीही नवीन बनवली, म्हणजे मशीन आपोआप उचलन. मंडईची भेट समज!"

चहा आला. भूमेश्वरीनं कप हातात धरला, पण घोट घेतला नाही. या माणसानं तिले पहिला कीबोर्ड देल्ला होता. हा हसून राहिला होता. आन तिकडं सहा मशिनी काळ्या पडल्या होत्या.

गोड बोलणं तिले येतच नाही. ती म्हणे, "काकाजी, तुमच्या भेटीनं सहाही मशिनी बंद पडल्या. परवा मंडई आहे. खोली जाते माही."

केवलरामचं हसू तसंच राहिलं थोडा वेळ, जसं वीज गेल्यावरही पंखा फिरते. मंग थांबलं.

"तुह्याकडून काही चुकलं असन."

"नाही चुकलं."

"मंग विक्कीनं..."

"विक्कीनं बी नाही. तुम्हीच. आधं नवीन, आधं जुनं झालं."

केवलराम उठला, उगाच पक्कड इकडची तिकडं ठेवली. "ठीक आहे. मी हात लावतो तिथं बिघडते. ठीक आहे. उद्यापासून पेनड्राइव्ह विक्कीकडूनच घेत जा थेट. माह्याकडं कायले?"

"रुसायले टाईम नाही काकाजी. चला."

"कुठं?"

"गावात. तुमच्या सीडीत काय काय होतं ते तुमच्याशिवाय कोणाले मालूम आहे? ते वेचून काढा लागन."

"विक्की काय म्हणन? हसन तो. मंडळीत सांगन. कालचा पोट्टा तो."

"हसला तं मी पाहीन त्याच्याकडं. सीडी घ्या."

केवलरामनं दुकानाचं शटर अर्धं ओढलं, मंग पुरं ओढलं. सीडी खिशात घातली आन लुना काढली.

खोलीत पोहोचल्यावर केवलराम म्हणे, फॉरमॅट मारू. सगळं पुसू, नव्यानं टाकू. भूमेश्वरी नाही म्हणाली. सहा मशिनींत मिळून सीडी वाचणारी एकच, एकेकीले अर्धा दिवस लागे, आन प्रिंटरचं, मराठीचं सगळं पुन्हा बसवा लागलं असतं. तिनं विक्कीले पुन्हा फोन लावला. या वेळी आवाज खालचा.

"विक्की, मघाशी जास्त बोलली."

"रोज का है तेरा. सुन, फोल्डर में मेरा पुराना माल भी पड़ा है ना अभी? डिलीट तो नहीं किया?"

"आहे."

"तो बच गए. काका का सामान बाहर निकाल, लिस्ट वापस बना, फिर मशीन को बोल कि उल्टा चल. नये से पुराने पे आ."

पहिलं काम केवलरामचं. तो सीडीवरचं एकेक नाव वाचे आन भूमेश्वरी पेनड्राइव्हमधून ते काढून वेगळ्या फोल्डरात ठेवे. दीडशेच्या वर निंघाले. शंभरीच्या जवळ गेल्यावर केवलराम आपल्यावरच चिडला. "किती भरलं बापा मी! लग्नाचा रुखवत पाठवला का काय!" पोरी खुदकन हसल्या. त्याच्या तोंडावरही मंग जरा उजेड आला.

दुसरं काम फोनवरचं. मशीन एका कोपऱ्यात, टॉवर खिडकीपाशी. म्हणून आचल फोन घेऊन गजाले चिकटली. विक्की सांगे, ते आचल ओरडून पुढं सांगे, भूमेश्वरी टाईप करे. एक छोटी फाईल लिहाची होती, मशिनीले हुकूम द्याले का या पेनड्राइव्हातलाच माल मोठा मान, जुना असला तरी.

"ताई, तिरपी काडी!"

"कोण्या बाजूले झुकली?"

"भैय्या, कोण्या बाजूले? ... जशी भिंतीले शिडी लावते तशी!"

"पुढं?"

"ओरिजिन लिही, मंग अवतरणाच्या दोन दोन टिकल्या, आत काही नाही!"

"काहीच नाही?"

"भैय्या म्हणते, कुछ भी नहीं, खाली रख!"

केवलराम मागून म्हणे, "काहीच नाही कसं? चुकलं असन त्याचं." भूमेश्वरीनं नुसतं पाहिलं.

"आता आकडा. हजार एक!"

"हजार?"

"नाही, हजार एक! हजारावर एक पाहिजेच म्हणते!"

केवलरामले राहवलं नाही. तो खिडकीकडं तोंड करून ओरडला, "काऊन बे विक्की, आहेर करून राहिला का?"

फोनमधून विक्कीचं हसू आचललेही ऐकू आलं, खोलीलेही ऐकू आलं. "काका, आहेर ही समझ लो! हजार के ऊपर लिखोगे तभी मशीन पीछे मुड़ती है. उसको इज़्ज़त चाहिए."

भूमेश्वरीनं कमांड मारली. पडद्यावर अक्षरं धो धो पडाले लागली. मशीन नवीन माल काढून जुना बसवत होती, एक एक करून. सगळे पाहत उभे. संपलं. बंद केली, चालू केली. काळा पडदा. रेघ लुकलुकली. मंग निळं चित्र आलं, खिडक्या आल्या, माऊसचा बाण आला.

पोरींनी असा गोंधळ केला का शेजारच्या वाड्यातली म्हैस दावं तोडाले लागली.

दुसऱ्या मशिनीवर भूमेश्वरी बसली नाही. तिनं आचलले आन तिच्या जोडीदारनीले बसवलं. केवलराम म्हणे, "घाई आहे, तूच कर." ती म्हणे, "मशीन यांची आहे." मंग पोरी टाईप करत, भूमेश्वरी मागून सांगे, केवलराम तिच्याहून मागून सांगे. वेळ लागला. पोरी चुकत, खोडत, पुन्हा लिहत. दुसरी उठली, तिसरी उठली. दुसऱ्या दिवशी दुपारी चौथी उठली. पाचवी अर्ध्यात होती आन लोडशेडिंगनं लाईट गेली.

लाईट रात्री लय उशिरा आली, तं पाचवी मधातच अडकलेली. अर्धा माल काढलेला, अर्धा बसवलेला. सहावीले तं हातच लागला नव्हता. आन बाहेर मंडईचे पाळणेवाले खांब गाडून राहिले होते. केवलराम भूमेश्वरीच्या घरीच थांबला, घरी फोन करून सांगितलं, मंडई पाहूनच येतो.

मंडईच्या दिवशी सकाळी सुलोचनाबाई आली. नवीन पातळ, मागं बकाराम, बकारामच्या मागं चार पाहुणे, तमाशा पाहाले आलेले. खोलीत चार मशिनींवर पोरी पत्रक छापून राहिल्या होत्या. प्रिंटर कुरकुर करे, कागद निंघे, अक्षरं नीट जुळलेली. सुलोचनाबाईनं एक कागद घेतला, दूर धरून वाचला. नाटकातल्या नटांची नावं होती, तिच्या भाच्याचंही.

बकारामचे डोळे नेमके पाचवीवर गेले. "हे काय वो? काळीच आहे. आन तेही. सहाच्या चार झाल्या. पुढच्या मंडईले दोन राहतीन."

भूमेश्वरीनं लपवलं नाही. ती म्हणे, "परवा सहाही बंद पडल्या होत्या."

पाहुण्यांत कुजबुज झाली. केवलरामनं डोळे मिटले. एवढं खरं कोणी बोलते का, अशा वेळी?

सुलोचनाबाईनं विचारलं, "काऊन बंद पडल्या?"

केवलरामनं घसा साफ केला. त्याच्या आधीच भूमेश्वरी बोलली, "आमच्याच लोकांच्या मायेनं. जास्त झाली होती. ती काढून टाकली."

"पुन्हा बिघडतीन?"

"बिघडतीन ना जी. मशिनी जुन्या आहेत."

"मंग तू लगनानंतर सासरी गेली तं इथं कोण पाहीन?"

हा प्रश्न भूमेश्वरीनं कधी मनातही आणला नव्हता. बकाराम हसला.

इकडं पाचव्या मशिनीवर आचल बसलेली. तिले सरपंच आल्याचं भान नव्हतं. तिची जोडीदारीन तिले कोपरानं ढोसून राहिली होती आन आचल म्हणून राहिली होती, "थांब ना वो, कॉन्फिगर राहिलं म्हणते हे. आधी ते पुरं करा लागते." तिनं काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. भूमेश्वरीचं तोंड उघडलं, सांगाले. तिनं ते बंद केलं. अक्षरं पडाले लागली. कोणी काही सांगितलं नव्हतं त्या पोरीले.

सुलोचनाबाई तिच्या मागं जाऊन उभी राहिली. बराच वेळ. कपाळावर आठ्या घालून ती अक्षरं पाहत होती, त्यातलं एक तिले समजत नव्हतं. मशीन बंद झाली, चालू झाली. रेघ लुकलुकली. निळं आलं.

आचल वळली आन सरपंच पाहून तटकन उभी राहिली.

"बस," सुलोचनाबाई म्हणे. "उठू नको. हे कोणाच्या घरची वो?"

"बिसरामची नात," भूमेश्वरीनं सांगितलं.

"सासरी जाले लय वर्षं आहेत हिले." सुलोचनाबाई बकारामकडं वळली. "बकारामभाऊ, खतासाठी समाजमंदिराच्या मागं टिनाचं शेड घालू. या ग्रामसभेत ठराव घ्या."

"बाई, पण खोली तं..."

"खोली पोरींची. सांगितलं होतं ना मी, दिसलं तं."

बकारामनं एक पत्रक उचललं, नाटकाची वेळ पाहिली आन ते घडी करून खिशात घालत बाहेर पडला. सुलोचनाबाई जाता जाता दारात थांबली. केवलरामले म्हणे, "तुम्ही कोण जी?"

केवलराम काही बोलाच्या आत भूमेश्वरी म्हणे, "माहे गुरुजी." आन ते म्हणतानी असं पाहिलं का कोणी दुसरं काही विचारून तं दाखवा.

बाहेर मंडईचा बाजा सुरू झाला होता, पाळण्यावर पोट्टे ओरडून राहिले होते. पोरींले सुट्टी देल्ली तरी आचल आन आणखी दोघी हलल्या नाहीत. सहावी मशीन अजून काळीच होती. त्या दोघी तिच्यापुढं बसल्या, आन आचल फोन घेऊन खिडकीच्या गजापाशी गेली, विक्कीले लावाले.